वस्तू नसलेले वस्तुचित्र

पुण्यात कोणी दोन ओळी गायल्या, की त्या सुरात होत्या की नाही याची चर्चा होण्याआधी ‘कोणाकडे शिकता?’ हा प्रश्न येतो. त्यात कुत्सितपणा असतोच असे नाही. ज्या गावात सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव दर हिवाळ्यात भरतो आणि अगदी मागे बसलेला श्रोताही घराण्यांची नावे जाणतो, तिथे गुरूचे नाव हा गाणाऱ्याच्या ओळखीचाच भाग असतो. चित्रकलेत घराणी नाहीत, पण विचारण्याची सवय तीच आहे. टिळक रस्त्यावरच्या ‘अभिनव’ कला महाविद्यालयात होतात की मुंबईला जे. जे.ला गेला होतात, असे विचारले जाते, आणि ज्याच्यापाशी दोन्हींपैकी एकही उत्तर नसते तो जरा ओशाळून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट झाल्याचे सांगतो. हा लेख यांतले एकही उत्तर नसलेल्या एका फ्रेंच चित्रकाराविषयी, ईव्ह तांगीविषयी, आहे.

शासनाच्या या दोन परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचा डोळा घडवला आहे. टेबलावर मडके, वीट, एखादे पुस्तक आणि दोन वांगी मांडायची, उजेड एका बाजूने पडेल असे पाहायचे, आणि मग तो उजेड वस्तूवर कुठे थांबतो, छाया कुठे गडद होते, टेबलावर पडलेली सावली किती लांब जाते हे कागदावर उतरवायचे, म्हणजे वस्तुचित्र. जोडीला स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती. मी शाळेत असताना दोन्ही परीक्षा दिल्या, पुढे भोसरीच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पुन्हा रंगांकडे वळलो. त्यामुळे यांतले काहीही न करता चित्रकार झालेला माणूस भेटला की माझे कुतूहल जागे होते, आणि तो माणूस थोर असेल तर थोडी अस्वस्थताही येते.

ईव्ह तांगी हा तसा चित्रकार आहे. अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्न आणि नेणीव यांतून चित्रे काढणाऱ्या, चित्रकारांपैकी दाली आणि माग्रीत ही नावे आपल्याकडे परिचित आहेत. तांगीचे नाव त्या मानाने कमी ऐकू येते. कलाशाळेत तो कधी शिकला नाही. वयाच्या विशीत तो खलाशी होता, मग सैनिक होता, आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याने अशी चित्रे टांगली की ती दुसऱ्या कोणाची असू शकतील अशी शंकाही येऊ नये. अशा माणसाबद्दल बोलताना आपण सहसा दोन टोके गाठतो. एक तर उपजत प्रतिभा म्हणून हात जोडून मोकळे होतो, नाहीतर बिचाऱ्याचे तंत्र कच्चे असणार असे धरून आधीच सूट देऊन टाकतो. तांगीच्या चित्रांपुढे दोन्ही गोष्टी टिकत नाहीत. तो शिकला आणि कसून शिकला. मात्र शाळेत शिकला नाही, आणि, जे मला अधिक महत्त्वाचे वाटते, एकटाही शिकला नाही.

त्याचा जन्म ५ जानेवारी १९०० रोजी पॅरिसच्या काँकोर्द चौकातल्या नौदल मंत्रालयाच्या इमारतीत झाला, कारण नौदलातून निवृत्त झालेले त्याचे वडील तिथे नोकरीला होते. कुटुंब मूळचे फ्रान्सच्या पश्चिम टोकावरच्या ब्रिटनी प्रांतातले. वडील १९०८ मध्ये वारले आणि पुढे आईने ब्रिटनीतल्या लोक्रोनाँ या दगडी घरांच्या लहानशा गावात घर घेतले. सुट्ट्यांमध्ये तांगी तिथे जाई. या प्रांतात इतिहासपूर्व काळातल्या माणसांनी उभे केलेले प्रचंड पाषाण शेता-माळांवर आजही उभे आहेत, आणि लोक्रोनाँपासून जवळच दुआर्नेनेचा उपसागर आहे. त्या उपसागराच्या तळाशी ईस नावाचे नगर बुडालेले आहे अशी तिथली दंतकथा आहे. समुद्राच्या पातळीखाली वसलेल्या या नगराभोवती बांध होता, बांधाच्या दरवाज्यांची किल्ली राजा ग्राडलॉनपाशी होती, त्याच्या मुलीने, दाहुतने, ती चोरली, दरवाजे उघडले गेले आणि भरतीचे पाणी नगरावर चालून आले. ब्रिटनीतले मूल ही कथा ऐकतच मोठे होते.

शाळेत त्याला एक मित्र मिळाला, पिएर मातिस, म्हणजे प्रसिद्ध चित्रकार आंरी मातिस यांचा मुलगा. या मैत्रीचा उपयोग पुढे न्यूयॉर्कमध्ये झाला, तेव्हा तिच्याकडे परत यावे लागेल. १९१८ मध्ये तांगी व्यापारी जहाजांवर गेला आणि दक्षिण अमेरिका व आफ्रिका यांचे किनारे पाहून आला. १९२० मध्ये सक्तीची सैनिकी सेवा आली. ल्युनेव्हिलच्या छावणीत त्याची गाठ झाक प्रेव्हेर या उनाड, बोलक्या आणि पुढे कवी म्हणून नावारूपाला आलेल्या तरुणाशी पडली. सेवा संपवून १९२२ मध्ये तो पॅरिसला परतला तेव्हा त्याच्या हाताला ना धंदा होता ना कसब. मिळेल ते काम करून दिवस काढणाऱ्या हजारो तरुणांपैकी तो एक होता.

त्यानंतरची गोष्ट तांगीविषयीच्या प्रत्येक लेखात असते. १९२३ मध्ये बसमधून जाताना त्याला पॉल गियोम यांच्या चित्रदालनाच्या काचेमागे जॉर्जो द किरिको याचे एक चित्र दिसले, तो उतरून ते पाहायला गेला आणि आपण चित्रकार व्हायचे असे त्याने ठरवले. अतिवास्तववाद्यांचा पुढारी आंद्रे ब्रेताँ यानेही किरिकोचे चित्र असेच बसमधून पाहिले आणि उडी मारली अशी कथा आहे, त्यामुळे मंडळींनी ही गोष्ट आपापसांत थोडी घासूनपुसून घेतली असावी असा माझा संशय आहे. पण किरिकोचा परिणाम झाला यात शंका नाही. ओसाड चौक, लांबच लांब सावल्या आणि एकमेकींशी काही संबंध नसलेल्या वस्तू शेजारी शेजारी ठेवल्यावर निर्माण होणारी धास्ती, हे तीन धडे तांगीने त्या एका चित्रकाराकडून घेतले. गंमत अशी की किरिको स्वतः म्युनिकच्या कला अकादमीत शिकलेला होता. म्हणजे अकादमीतले शिक्षण तांगीपर्यंत पोहोचले, फक्त वर्गातून न येता दुकानाच्या काचेतून आले.

सुरुवातीची चित्रे बेताचीच आहेत आणि ते स्पष्ट सांगायला हवे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचे १९२५ मधले एका पॅरिसच्या रस्त्याचे चित्र आहे. त्यातली घरे, भिंती आणि यथार्थदर्शन, म्हणजे जवळचे-लांबचे दाखवण्याची रीत, यांत नवशिका हात दिसतो. चित्राला मोहकपणा आहे, पण तो लहान मुलांच्या चित्रांना असतो त्या जातीचा. या चित्रापासून १९२७ च्या चित्रांपर्यंत दोन वर्षांत माणूस कसा पोहोचला, हा तांगीबद्दलचा खरा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर माँपार्नास भागातल्या ५४, र्‍यु द्यु शातो या पत्त्यावर सापडते. १९२४ पासून तांगी, प्रेव्हेर आणि मार्सेल द्युआमेल हे तिघे मित्र तिथे एकत्र राहू लागले. द्युआमेल हॉटेलच्या व्यवस्थापनात नोकरी करत होता आणि घराचा खर्च मुख्यतः त्याच्या पगारातून चालत होता. बाकीच्या दोघांचा वेळ वाचणे, सिनेमे पाहणे, वाद घालणे आणि पिणे यांत जाई. पुढे तांगी ब्रेताँच्या गटात सामील झाला, तेव्हा पॅरिसमधले अतिवास्तववादी याच घरी जमू लागले. डेक्कनवरच्या एखाद्या हॉटेलबाहेरचा कट्टा डोळ्यांसमोर आणा, ज्याच्यावर दोन कवी, एक नट, एक नोकरी करणारा आणि बाकी नुसते ऐकणारे रोज बसतात, आणि ज्याचे चहाचे बिल ठरलेला एकच मित्र देतो; त्या घराचे स्वरूप साधारण तसे होते. घड्या घातलेल्या कागदावर आधीच्याने काय लिहिले ते न पाहता पुढच्याने वाक्य पुरे करायचे, हा खेळ १९२५ मध्ये त्या घरात सुरू झाला. ‘उत्तम प्रेत नवी दारू पिईल’ असे वाक्य त्यातून निघाले आणि खेळाला त्याच प्रेताचे नाव पडले. शब्दांवरून हा खेळ चित्रांवर आला: एकाने डोके काढायचे, दुसऱ्याने न पाहता धड, तिसऱ्याने पाय.

इंटरमीजिएटच्या परीक्षेत असे काही केले असते तर वर्गाबाहेर उभे राहावे लागले असते. पण शिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर तांगीला तिथे दोन गोष्टी मिळाल्या. पुढे काय येणार हे माहीत नसताना हात चालू ठेवण्याची सवय लागली, आणि काढलेले चित्र त्याच संध्याकाळी पाच तीक्ष्ण माणसांपुढे ठेवण्याची सोय झाली. स्वतःचे स्वतः शिकणाऱ्याला सहसा दुसरी गोष्ट मिळत नाही. घरी बसून चित्रे काढणाऱ्या माझ्यासारख्याला घरचे लोक ‘छान आहे’ म्हणतात आणि चित्र कपाटामागे जाते. तांगीच्या चित्रांवर ब्रेताँसारखा माणूस तुटून पडे किंवा त्यांची पाठराखण करी, आणि दोन्हींचा उपयोग होई. शिवाय द्युआमेलच्या पगाराची गोष्ट आहेच. या प्रतिभेच्या कथेत घरभाडे देणाऱ्याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, याचे मला वाईट वाटते.

१९२७ मध्ये पॅरिसच्या ‘गॅलरी स्युरेआलिस्त’मध्ये तांगीचे पहिले एकल प्रदर्शन भरले. सोबत अमेरिका खंडांतल्या मूळ रहिवाशांच्या वस्तूही मांडल्या होत्या. चित्रांना नावे देण्यासाठी तांगी आणि ब्रेताँ यांनी एक अख्खी दुपार मानसोपचाराची पुस्तके चाळून रुग्णांच्या तोंडची वाक्ये शोधली, अशी आठवण तांगीने सांगितली आहे. त्या वर्षीच्या सर्वांत प्रसिद्ध चित्राचे नाव ‘आई, बाबांना लागलंय!’ असे आहे. चित्रात आई नाही, बाबा नाहीत आणि जखमही नाही. राखट रंगाची पसरलेली भुई, तिच्यावर उजवीकडे केसाळ खांबासारखे काहीतरी उभे, कर्तव्यभूमितीच्या वहीतून उचलल्यासारखे बारीक रेषांचे जाळे, शेंगांसारखे किंवा धुराच्या पुंजक्यांसारखे काही लहान आकार, आणि त्यांच्या ठसठशीत काळ्या सावल्या. नाव वाचून पाहणारा घाबराघुबरा होऊन चित्रात बाबांना शोधू लागतो आणि न सापडल्यामुळे अधिकच घाबरतो.

तांगीच्या चित्रांचे एक जाडजूड पुस्तक मी आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडे घेऊन गेलो. सर आता सहकारनगरात राहतात, पंचाहत्तरीच्या घरात आहेत आणि अजूनही रविवारी चार मुलांना परीक्षेची तयारी करून देतात. अतिवास्तववादाबद्दल त्यांना काही आस्था नाही, हे मला ठाऊक होते. त्यांनी चष्मा पुसला, पाने उलटत गेले आणि काहीही न बोलता प्रत्येक चित्रात आधी उजेड कोणीकडून येतो ते पाहू लागले. मग पेन्सिलीचे मागचे टोक हवेत धरून सावल्यांच्या दिशा तपासल्या. बऱ्याच वेळाने म्हणाले, “वस्तुचित्रात याला पैकीच्या पैकी द्यावे लागतील रे. फक्त वस्तू एकही नाही.”

तांगीवर लिहिलेल्या पुष्कळ मजकुरापेक्षा हे वाक्य मला जवळचे वाटते, कारण त्याच्या कामाची कळ त्यात आहे. त्याचे आकार ओळखता येत नाहीत, पण ते घट्ट आहेत. त्यांना वजन आहे, पाठ आहे, उजेडाकडची कड आहे आणि अंधारात गेलेला गाल आहे. आयुष्यभर यंत्रांचे सुटे भाग काढलेला मी जेव्हा त्याची १९४० नंतरची चित्रे पाहतो, तेव्हा हा भाग ओतीव आहे, याला पुढे मशीनिंग झाले आहे, इथे दुसरा भाग बसत असणार, असे विचार आपोआप सुरू होतात, आणि चार आकार पुढे गेल्यावर लक्षात येते की हे यंत्र कशाचेच नाही. जे. जे.त शिकलेले आपले प्रभाकर बरवे रिकाम्या अवकाशात वस्तू ठेवत, पण त्यांची पाने, घड्याळे, टाचण्या आपण नावाने ओळखतो आणि नात्यांचे कोडे आपल्याला पडते. तांगी त्याच्या आधीच्या पायरीवर अडवतो. तिथे नावच देता येत नाही, आणि तरी ती गोष्ट समोर आहे याबद्दल शंका घेता येत नाही.

याला आणखी एक कारण आहे आणि ते शुद्ध तंत्राचे आहे. यथार्थदर्शनात आधी क्षितिजरेषा आखायची, कारण तीच पाहणाऱ्याच्या डोळ्याची पातळी ठरवते. हे मी नोकरीत नव्या मुलांना शिकवत आलो. तांगीच्या सुरुवातीच्या चित्रांत ही रेषा आहे. तिशीच्या दशकातल्या कित्येक चित्रांत त्याने ती पुसून टाकली. भुईचा रंग वर वर जाताना फिका होत जातो, धुके होते, आणि कुठेतरी त्याचे आकाश झालेले असते. नेमके कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मग जमीन आहे हे कळते कशावरून? केवळ सावलीवरून. एखाद्या आकाराची सावली जिथे पडते तिथे जमीन असलीच पाहिजे, आणि ज्याची सावली त्याच्यापासून सुटलेली आहे तो आकार अधांतरी असला पाहिजे. सगळे चित्र या एका पुराव्यावर तोललेले आहे. ज्याच्या हातात छायाप्रकाश पक्का नाही त्याला हे साधणार नाही, आणि तैलरंगात असा लांबलचक उतार, मध्ये कुठेही पट्टा न दिसता, ओल्या रंगात ओला रंग मुरवत आणणे किती चिकाटीचे काम आहे हे ज्याने एकदा करून पाहिले आहे तो ‘अशिक्षित हात’ वगैरे बोलणार नाही.

वैशाखातल्या दुपारी वेताळ टेकडीवर उभे राहिले की पश्चिमेकडचे डोंगर धुळीत असेच विरघळतात आणि पायाखालचा काळा कातळ मात्र कापून काढल्यासारखा स्पष्ट असतो. त्या वेळी तांगी आठवतो, पण त्याची चित्रे अमुक जागेची आहेत असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. ब्रिटनीचे पाषाण, ओहोटीनंतरचा समुद्रतळ, १९३० च्या सुमारास आफ्रिकेच्या प्रवासात पाहिलेले खडकांचे थर, यांतले सगळेच त्याच्या चित्रांत मुरले असणार, आणि त्यांपैकी एकाचेही चित्र त्याने काढलेले नाही. स्वतः तो याबाबत फार कमी बोलला.

सरांनी मात्र या बाबतीत मला चकित केले. बुडालेल्या ईस नगराची गोष्ट मी त्यांना सांगत होतो, तर ते मध्येच म्हणाले, “म्हणजे पानशेतच की!” १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासलाही गेले आणि मुठेचे पाणी लकडी पुलावरून वाहत पेठांत शिरले, तेव्हा सर लहान होते आणि नारायण पेठेत नदीच्या बाजूच्या एका वाड्यात राहत होते. पाणी उतरल्यावर आम्ही परत गेलो, ते सांगू लागले, तर चौकात गुडघाभर चिखल आणि त्यातून वर आलेले आकार. बंब, पाटा, शिवणयंत्र, कोणाचा तरी पाळणा, सगळ्यांवर एकाच रंगाचा लेप. रंग गेला, चकाकी गेली, राहिली ती फक्त घडण. बंब की हंडा हे पाय लावून पाहिल्यावर कळायचे, आणि काही वस्तू तर कोणाच्या घरच्या, कशाच्या, ते शेवटपर्यंत कळले नाही. एवढे सांगून त्यांनी पुस्तक पुन्हा उघडले आणि ‘आई, बाबांना लागलंय!’ हे चित्र, ज्याच्यावरून ते मघाशी सावल्या तपासून पुढे गेले होते, ते बराच वेळ पाहत बसले. तांगीचा पानशेतशी काही संबंध नाही, हे मी सांगायला हवे होते असे नाही. त्यांनाही ते ठाऊक होते.

चित्राचा आराखडा आधी करण्याला तांगीचा ठाम नकार होता. चित्र डोळ्यांसमोर उलगडत जाते आणि जाता जाता चकित करते, त्यातच पूर्ण स्वातंत्र्य आहे, म्हणून आपल्याला आधी बेत आखणे किंवा कच्चे रेखाटन करणे जमत नाही, अशा अर्थाचे त्याने १९५४ मध्ये लिहिले. हे वाचताना मला रवींद्रनाथ ठाकूर आठवले. साठी उलटल्यावर हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून चित्रे काढू लागलेल्या या दुसऱ्या स्वयंशिक्षित माणसाचे पहिले प्रदर्शन मे १९३० मध्ये भरले, आणि तेही पॅरिसमध्येच, पिगाल थिएटरच्या दालनात. खोडलेला शब्द जिकडे नेईल तिकडे रवींद्रनाथांची रेघ जाते. दोघांत फरक एवढा, की रवींद्रनाथांच्या चित्रांत ती वाटचाल दिसत राहते, तांगीच्या चित्रांत ती झाकली जाते. अंदाजाने सुरू झालेला आकार तो असा घोटून, छाया देऊन, कडा साफ करून पुरा करतो, की सगळे आधीच ठरलेले होते असे वाटावे. अकादमीत शिकून बाहेर पडलेल्या दालीच्या १९२९ नंतरच्या ओसाड मैदानांवर तांगीचा प्रभाव आहे, असे कलेतिहासकार मानतात. शिकलेल्याने न शिकलेल्याकडून उचलले, ही गोष्ट आमच्या सरांना मी मुद्दाम दोनदा सांगितली.

१९३८ मध्ये त्याची गाठ के सेज या अमेरिकन चित्रकर्तीशी पडली. तिचेही शिक्षण बहुतांशी स्वतःचे स्वतःच झालेले होते. महायुद्ध सुरू झाल्यावर ती अमेरिकेला परतली, १९३९ च्या नोव्हेंबरात तांगी तिच्यामागे न्यूयॉर्कला गेला आणि १९४० मध्ये दोघांनी नेवाडातल्या रीनो शहरात लग्न केले. शाळेतला मित्र पिएर मातिस न्यूयॉर्कमध्ये चित्रविक्रेता झाला होता. तांगीची चित्रे त्याच्या दालनातून विकली जाऊ लागली. १९४१ पासून हे जोडपे कनेक्टिकट राज्यातल्या वुडबरी या लहान गावी राहू लागले आणि पुढे तिथेच त्यांनी जुने शेतघर घेतले. तांगीचा स्टुडिओ कमालीचा नीटनेटका असे, असे तिथे जाऊन आलेल्यांनी लिहून ठेवले आहे. अमेरिकेत आल्यावर आपल्या रंगांत तीव्रता आली, ती बहुधा इथल्या उजेडामुळे असावी आणि इथे जागा अधिक असल्याची भावनाही होते, असे त्याने १९४६ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत सांगितले. चित्रांत ते दिसते. धुराचे पुंजके गेले, त्यांच्या जागी धातूसारखे, हाडांसारखे, उंच रचलेले आकार आले, आणि लाल-पिवळ्याचे लहान तुकडे राखेत निखारा चमकावा तसे चमकू लागले. १९४२ मधल्या ‘अनिश्चित विभाज्यता’ या चित्रात असा एक मनोरा उभा आहे, आणि त्याची जमिनीवरची सावली त्याच्याइतकीच ठाम आहे.

मात्र कट्टा मोडला होता. ब्रेताँही युद्धकाळात न्यूयॉर्कला आला होता, पण दोघांत दुरावा आला. तांगी पिऊ लागला की सेजशी चारचौघांत वाईट वागे, असे त्यांच्या परिचितांच्या आठवणींत आहे, आणि चित्रांच्या थोरपणासाठी ते झाकून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. तिची चित्रे दीर्घकाळ ‘तांगीची बायको’ या नावाखाली पाहिली गेली. तिच्या चित्रांतल्या बांधकामाच्या परांच्या, त्यांवर टाकलेली वस्त्रे आणि हिरवट उजेड हे सगळे तिचे स्वतःचे आहे. तांगीला वस्तू हव्या होत्या. तिला वस्तूंभोवती उभी केलेली चौकट हवी होती.

१९५४ मध्ये हार्टफर्डच्या संग्रहालयात दोघांचे एकत्र प्रदर्शन भरले. त्याच वर्षी तांगीने ‘कमानींचा गुणाकार’ हे चित्र पुरे केले. त्यात भुई अशी उरलेलीच नाही. लहानमोठे दगडी आकार एकमेकांना खेटून थेट मागच्या अंधुक आकाशापर्यंत पसरले आहेत, गर्दी इतकी की सावली पडायलाही जागा कमी पडावी. समीक्षक जेम्स थ्रॉल सोबी यांनी या चित्राला जगाचे हाडांचे आवार म्हटले. १५ जानेवारी १९५५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तांगीचा मृत्यू झाला; पंचावन्न वर्षे पुरी होऊन दहा दिवस झाले होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात सोबी यांनी त्याचे सिंहावलोकनपर प्रदर्शन मांडले.

पुढची आठ वर्षे सेज तांगीच्या चित्रांची समग्र सूची करत राहिली: कोणते चित्र कधीचे, केवढे, कोणाकडे आहे. तिची स्वतःची दृष्टी या काळात अधू होत गेली होती. ८ जानेवारी १९६३ रोजी तिने आत्महत्या केली. सूची त्याच वर्षी पिएर मातिसने प्रसिद्ध केली, आणि पुढे दोघांची रक्षा त्यानेच दुआर्नेनेच्या समुद्रकिनारी विसर्जित केली. आराखड्याशिवाय काढलेल्या इतक्या चित्रांचा कागदोपत्री आराखडा या बाईने मागाहून तयार केला, आणि आज तांगीवर लिहिणारा प्रत्येक जण त्याच्यावर विसंबून आहे.

‘कमानींचा गुणाकार’ यावरून माझे आणि सरांचे एकमत झालेले नाही. सरांना १९२७ ची चित्रे आवडतात. त्यांच्या मते तिथे तांगी शिकत होता, एकेका आकाराला जपत होता, आणि शेवटच्या चित्रात हाताला सगळे येत असल्यामुळे तो हात आवरत नाही; इतके दगड कशाला, पाच पुरले असते. मला उलट वाटते. पाच दगड काढणे त्याला १९३० पासूनच येत होते. ज्या मोकळ्या भुईवर आणि सावलीवर त्याची आधीची सगळी चित्रे उभी होती, ती मोकळी भुईच काढून घेऊन चित्र तरीही उभे राहते का, हे त्याने चौपन्नाव्या वर्षी करून पाहिले, आणि माझ्या मते ते उभे राहते. माझे म्हणणे ऐकून सरांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. पुस्तक आणखी काही दिवस ठेवून घेतो म्हणाले. रविवारच्या मुलांना सावल्या दाखवायच्या आहेत.